ड्रोनने अँटेना अ‍ॅरे तपासायचा असेल, तर आधी ड्रोनवरचा ट्रान्समीटर तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ८० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या, दुहेरी ध्रुवणाच्या (म्हणजे काटकोनातल्या एक्स आणि वाय या दोन्ही दिशांच्या लहरी वेगवेगळ्या पकडणाऱ्या) सोळा अँटेनांचा, रेडिओ खगोलशास्त्रासाठीचा चार बाय चार असा लहान अ‍ॅरे तुमच्या गटाने उभारला आहे. साधारण पाच मीटरच्या चौकोनात तारेची जाळी अंथरून त्यावर अँटेना बसवल्या आहेत आणि प्रत्येकीचा सिग्नल वेगळा डिजिटाइझ होतो. सिम्युलेशनमधून बीमचा (कोणत्या दिशेला अँटेना किती सिग्नल पकडते, त्या पॅटर्नचा) आकार हातात आहे, पण प्रत्यक्षातला बीम तसाच आहे का हे पाहायचं आहे. बाजारात मिळणाऱ्या ड्रोनला छोटा ट्रान्समीटर बांधून हे जमेल का, किती अचूकतेने जमेल, आलेल्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा आणि मोजमाप कितीदा करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

जमेल. तुमच्या आकाराच्या अ‍ॅरेसाठी तर याहून सोयीचा मार्ग मला दिसत नाही. मात्र या कामातली अडचण बहुतेकांना वाटते तिथे नसते. खालच्या अँटेनाने किती सिग्नल पकडला, हे तुमचा रिसीव्हर दशांश डेसिबलपर्यंत सांगेल. तो सिग्नल त्या क्षणी नेमका कुठून निघाला, प्रसारक अँटेनाचं तोंड कुठे होतं आणि त्या दिशेला ती किती ताकद सोडत होती, हे कळणं अवघड असतं. शेवटच्या आकड्यात जी चूक उरते, तिचा मोठा वाटा या वरच्या बाजूचा असतो. म्हणून चांगला रिसीव्हर किंवा जास्त उड्डाणं यांच्यापेक्षा ट्रान्समीटर समजून घेण्यावर वेळ घाला.

आकाशातलेच स्रोत वापरून हे का करत नाही, हा प्रश्न तुमच्या गटात कोणीतरी नक्की विचारेल. मोठ्या डिशला ते जमतं. एकट्या डायपोलसारख्या अँटेनाला मात्र कॅसिओपिया ए (फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष) हा इतका तेजस्वी स्रोतही १५० मेगाहर्ट्झला जेमतेम चार-पाच केल्व्हिनची भर घालतो (रेडिओ खगोलशास्त्रात सिग्नलची ताकद तापमानात सांगतात), आणि मागचं आकाश असतं तीनशे केल्व्हिनच्या घरात. शिवाय असा स्रोत रोज त्याच एका वाटेने जातो, त्यामुळे बीमचा एकच काप मिळतो, बाकीचं आकाश कोरं राहतं. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन वाइडफील्ड अ‍ॅरेवर संशोधकांनी ऑर्बकॉम उपग्रहांचे सिग्नल वापरून बीम मोजले आहेत आणि ते काम सुंदर आहे. उपग्रह खऱ्या अर्थाने फार-फील्डमध्ये (म्हणजे इतका दूर, की त्याच्या लहरी जवळजवळ सपाट होऊन पोहोचतात) असतो आणि त्याची कक्षा अचूक माहीत असते. पण ते सिग्नल १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासच मिळतात. तुमचा पट्टा ८० ते ३०० आहे. हवी ती वारंवारता, हवी ती दिशा आणि हवं ते ध्रुवण, हे तिन्ही आपल्या हातात फक्त ड्रोनमुळे येतं.

इटलीतल्या संशोधकांनी सहा पंखांचा ड्रोन वापरून कमी वारंवारतेच्या अ‍ॅरेंवर हे तंत्र मेहनतीने विकसित केलं. आधी मेदिचिना आणि सार्डिनियातले छोटे प्रायोगिक अ‍ॅरे, मग लोफार (युरोपातली रेडिओ दुर्बीण) आणि एसकेए-लोचे (ऑस्ट्रेलियात बांधली जात असलेल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचे) नमुना अ‍ॅरे, असा तो प्रवास आहे. स्वित्झर्लंडच्या ब्लायन वेधशाळेत डिशचा बीम ड्रोनने मोजला गेला, त्यावरचा शोधनिबंध २०१५चा. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने एको नावाची प्रणाली बांधली आणि तिची पहिली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे तुम्ही मळलेल्या वाटेवर आहात.

आता अंतराचं गणित. अ‍ॅरेची रुंदी डी असेल, तर फार-फील्ड साधारण दोन गुणिले डी वर्ग भागिले तरंगलांबी इतक्या अंतरापासून धरतात. तुमचा डी पाच मीटर. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटर, म्हणून अंतर २५ मीटर. ३०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी एक मीटर, अंतर ५० मीटर. या सीमेवर अ‍ॅरेच्या मध्यापासून कडेपर्यंत फेजमध्ये (लहरीच्या टप्प्यात) साडेबावीस अंशांची वक्रता शिल्लक असते. मुख्य बीमला ती फारशी जाणवत नाही, पण नल (सिग्नल जवळजवळ शून्य होतो त्या दिशा) भरून येतात आणि पहिले साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूचे छोटे उंचवटे) खोटे दिसतात. त्यामुळे सीमेच्या दुप्पट तरी दूर राहा. बऱ्याच देशांत ड्रोनला १२० मीटर उंचीची मर्यादा असते. तुम्ही १०० मीटरवर उडवलंत, तर संपूर्ण पट्ट्यात ही अट पाळली जाते. तुमचा अ‍ॅरे लहान आहे हे इथे फार उपयोगी पडतं.

हेच गणित मोठ्या यंत्रणेला लावून पाहा. एसकेए-लोच्या एका स्टेशनमध्ये २५६ अँटेना असतात आणि स्टेशनचा व्यास साधारण ३८ मीटर. १५० मेगाहर्ट्झला फार-फील्ड जवळजवळ दीड किलोमीटरवर सुरू होतं, ३५० मेगाहर्ट्झला तीन किलोमीटरच्या पुढे. पुण्याजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीची ४५ मीटरची एक डिश १४२० मेगाहर्ट्झला घेतली, तर उत्तर १९ किलोमीटर येतं. तिथे ड्रोन पोहोचत नाही. अशा वेळी स्टेशन अख्खं मोजण्याऐवजी एकेक अँटेना मोजतात, कारण एकट्या अँटेनाचं फार-फील्ड काही मीटरांतच सुरू होतं. मग सोळा किंवा २५६ अँटेनांचे स्वतंत्र पॅटर्न फेजसकट गणिताने जोडून स्टेशनचा बीम तयार करतात. तुमच्याकडे प्रत्येक अँटेना वेगळी डिजिटाइझ होते, म्हणजे ही सोय तुम्हालाही आहे आणि माझा आग्रह आहे की ती वापरा. एका उड्डाणात ३२ चॅनेलचे पॅटर्न एकदम मिळतात. बीमफॉर्मरमधून (सगळे सिग्नल जोडून एक बीम बनवणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर आलेला एकच आकडा साठवलात, तर नंतर बीम दुसरीकडे वळवून पाहता येणार नाही.

एकेक अँटेनाचा पॅटर्न मोजायचा म्हणजे ती अ‍ॅरेतच बसलेली असताना मोजायचा. शेजारच्या अँटेना, खालची जाळी, अगदी जाळीची कड, हे सगळं तिचा पॅटर्न बदलतं. मधल्या चार अँटेना आणि कोपऱ्यातल्या चार अँटेना कागदावर एकसारख्या असल्या तरी आकाशाकडे एकसारख्या पाहत नाहीत. मोजताना उरलेल्या पंधराही जोडलेल्या आणि त्यांचे एलएनए (अँटेनालगतचे कमी गोंगाटाचे ॲम्प्लिफायर) चालू असले पाहिजेत, कारण एलएनए बंद असला की त्याचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) बदलतो आणि शेजारणीवरचा परिणामही बदलतो. आणि गणित करताना दिशेचा कोन अ‍ॅरेच्या मध्यापासून न धरता प्रत्येक अँटेनाच्या जागेवरून वेगळा काढा. ड्रोन १०० मीटरवर अगदी मध्यावर असताना कडेच्या अँटेनाला तो दीड अंशाने तिरका दिसतो. तुमच्यासाठी ही दुरुस्ती छोटी आहे, पण एसकेए-लोच्या स्टेशनच्या कडेला तीच अकरा अंशांच्या जवळ जाते.

ताकद किती सोडायची, यात नवे गट हमखास जास्तीकडे झुकतात. आकडे मांडून पाहू. १५० मेगाहर्ट्झला १०० मीटरवर मोकळ्या जागेतला क्षय ५६ डेसिबल. ट्रान्समीटरमधून उणे ३० डीबीएम, म्हणजे एक मायक्रोवॅट सोडला आणि दोन्ही अँटेनांचा मिळून आठ डेसिबल गेन धरला, तर खाली उणे ७८ डीबीएम येतात. १० किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये तीनशे केल्व्हिनच्या आकाशाचा गोंगाट उणे १३४ डीबीएमच्या आसपास. म्हणजे एकाच नमुन्यात ५६ डेसिबल हातात आहेत, आणि चाळीस डेसिबल खाली असलेला साइडलोबही स्पष्ट दिसेल. दुसऱ्या बाजूने पाहा. ८० ते ३०० मेगाहर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात आकाशाची एकूण शक्ती साधारण उणे ९० डीबीएम भरते. तुमचा एक मायक्रोवॅटचा एकच सूर त्या सगळ्या आकाशावर दहा-बारा डेसिबल चढून बसतो! एलएनए आणि एडीसीची (सिग्नल डिजिटाइझ करणाऱ्या चिपची) पातळी आकाशासाठी लावलेली असते, त्यामुळे मिलिवॅटचा ट्रान्समीटर लावलात तर साखळी दबते आणि बीमचा माथा सपाट दिसू लागतो. तो सपाटपणा खरा वाटतो, हे सगळ्यात वाईट. उपाय सोपा आहे: ड्रोन डोक्यावर स्थिर ठेवून ट्रान्समीटरची ताकद घटवणारा ॲटेन्यूएटर तीन-तीन डेसिबलने बदला आणि खालचा आकडाही तीन-तीननेच हलतो का पाहा. ही चाचणी प्रत्येक वारंवारतेला करा.

आता ड्रोनला बांधलेल्या अँटेनाकडे येतो. १५० मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल एक मीटर लांब होतो. तो गिम्बलवर बसवणं व्यवहारात अवघड, म्हणून तो ड्रोनच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो आणि ड्रोन झुकला की तोही झुकतो. वाऱ्यात किंवा वेगात ड्रोन दहा अंश सहज झुकतो. ड्रोन अगदी डोक्यावर असताना त्याने फक्त ०.२ डेसिबलचा फरक पडतो, कारण डायपोलचा पॅटर्न तिथे सपाट असतो. पण ड्रोन ४५ अंशांवर असेल आणि डायपोल त्याच प्रतलात असेल, तर तेच दहा अंश जवळपास २.२ डेसिबल खातात. म्हणजे वाऱ्याची झुळूक तुमच्या बीममध्ये खोटा उतार तयार करते. म्हणून ड्रोनच्या लॉगमधले रोल, पिच आणि यॉ (बाजूला झुकणं, पुढे-मागे झुकणं आणि नाकाची दिशा) हे तिन्ही कोन प्रत्येक नमुन्याला जोडा आणि त्या क्षणी प्रसारक अँटेना खालच्या अँटेनाकडे कोणत्या कोनातून पाहत होती ते काढून दुरुस्ती करा. फक्त अंतराची दुरुस्ती करून थांबलेली मोजमापं मी पाहिली आहेत. त्यातले आकृतिबंध अँटेनाचे कमी आणि वाऱ्याचे जास्त असतात.

सांगाडाही स्वतः अँटेनाचा भाग होतो. कार्बन फायबर विद्युतवाहक असतं, मोटारींच्या तारा लांब असतात, बॅटरी म्हणजे धातूचा ठोकळाच. हे सगळं मिळून डायपोलचा पॅटर्न वाकडा करतं, तोही वारंवारतेनुसार वेगवेगळा. शक्य असेल तर संपूर्ण ड्रोन, पाय आणि बॅटरीसकट, इलेक्ट्रोमॅग्नेटिक सिम्युलेशनमध्ये घाला. डायपोल सांगाड्यापासून थोडा खाली टांगा, केबलवर फेराइट (नको असलेला प्रवाह अडवणारी कडी) लावा, बालन (केबल आणि डायपोल यांना जोडणारा घटक) चांगला वापरा. आणि त्यानंतरही सिम्युलेशनवर विसंबून न राहता मैदानात एक साधी कसोटी घ्या, जी मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी वाटते. एकाच मार्गावरून दोनदा उडवा, दुसऱ्या वेळी ड्रोनचं नाक १८० अंश फिरवून. आदर्श डायपोलला दोन्ही सारखेच. खाली मिळालेले दोन काप एकमेकांवर ठेवा. जिथे ते वेगळे पडतील, तिथे तो फरक तुमच्या अ‍ॅरेचा असूच शकत नाही, कारण अ‍ॅरे जागचा हललेला नाही. तो ड्रोनच्या असमान सांगाड्याचा, डायपोल किंचित तिरका बसल्याचा किंवा लॉगमधल्या कोनाच्या चुकीचा आहे. दोन कापांमधला फरक अर्धा डेसिबल असेल, तर याहून चांगली अचूकता तुम्ही सांगू शकत नाही, मग सिम्युलेशनशी जुळणी कितीही सुबक दिसो.

यॉबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ध्रुवणाची सगळी मोजमापं त्यावर उभी आहेत. ड्रोनचं नाक पाच अंश चुकलं, तर सह-ध्रुवणात (प्रसारकाला समांतर असलेल्या अँटेनात) फरक फक्त ०.०३ डेसिबलचा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण क्रॉस-पोलरायझेशनमध्ये (काटकोनातल्या अँटेनात) तेच पाच अंश उणे २१ डेसिबलचा खोटा सिग्नल निर्माण करतात, अँटेना कितीही शुद्ध असो. एक अंशाच्या चुकीला हा आकडा उणे ३५. साध्या ड्रोनचं दिशाज्ञान चुंबकीय होकायंत्रावर चालतं, आणि मोटारींचा प्रवाह शेजारी वाहत असताना काही अंशांची चूक नेहमीची. त्यामुळे कोणी साध्या ड्रोनने उणे ३० डेसिबलचं क्रॉस-पोलरायझेशन मोजल्याचं सांगितलं, तर दिशा कशी मोजली होती हे पहिलं विचारा. दोन जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या) अँटेना असलेली दिशामापन पद्धत परवडत असेल तर घ्या. नसेल, तर अ‍ॅरेच्या अगदी वर ड्रोन थांबवून तो जागच्या जागी हळूहळू पूर्ण फिरवा. एक्स आणि वाय अँटेनांचे नल कोणत्या कोनावर येतात ते पाहिलं की होकायंत्राची स्थिर चूक हाती लागते.

जागेच्या अचूकतेबाबत मात्र लोक अनावश्यक धास्ती घेतात. १०० मीटरवर एक मीटरची चूक म्हणजे अंतराच्या दुरुस्तीत ०.०९ डेसिबल आणि दिशेत अर्ध्या अंशाहून थोडी जास्त. मुख्य बीमच्या माथ्यावर ती खपून जाते, उतारावर आणि नलजवळ खपत नाही. फेजचा प्रश्न वेगळा, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. तुम्हाला अँटेनांमधला परस्पर फेज हवा असेल, तर ट्रान्समीटरच्या ऑसिलेटरचा फेज सगळ्यांना समान असल्याने वजाबाकीत निघून जातो आणि ड्रोनच्या जागेची चूकही बरीचशी विरते. पाच मीटरवरच्या दोन अँटेनांसाठी ड्रोन दहा सेंटीमीटर बाजूला असला, तर वाटांमधला फरक फक्त पाच मिलिमीटरने चुकतो, ३०० मेगाहर्ट्झला दोन अंशांहूनही कमी. साधा जीएनएसएस एक मीटर चुकला, तर तेच अठरा अंश होतात. म्हणून आरटीके (जमिनीवरच्या स्थिर स्थानकाशी ताडून जीएनएसएसची चूक काढणारी पद्धत) घ्या. त्याची सेंटीमीटरची अचूकता तुम्हाला पुरून उरते. ज्यांना निअर-फील्डमध्ये (फार-फील्डच्या सीमेच्या आत) मोजून गणिताने फार-फील्ड काढायचं असतं, त्यांना मात्र ट्रान्समीटरचा फेजही लागतो. त्यासाठी शेजारी एक संदर्भ अँटेना ठेवून तिच्याशी कोरिलेट करावं लागतं. तुम्हाला सध्या त्या वाटेला जायची गरज नाही.

संदर्भ अँटेना मात्र तरीही ठेवा. एक साधा डायपोल, स्वतःच्या जाळीवर, अ‍ॅरेपासून वीसेक मीटर दूर, जिचा पॅटर्न हाताने काढता येईल इतकी सरळ रचना. ट्रान्समीटरची ताकद बॅटरी उतरताना किंवा तापताना हलली, तर दोन्हीकडे सारखीच हलते आणि गुणोत्तरात कटून जाते. गुणोत्तराने प्रसारक अँटेनाचा पॅटर्न मात्र पूर्ण कटत नाही, कारण १०० मीटरवरचा ड्रोन त्या वीस मीटर दूरच्या डायपोलला अकरा अंश वेगळ्या दिशेने दिसतो. हे विसरून गुणोत्तरालाच अंतिम उत्तर मानणारे लेख वाचायला मिळतात. संदर्भ अँटेनाचा खरा उपयोग असा: तिचा पॅटर्न तुम्हाला आधीच माहीत आहे, मग तुमच्या संपूर्ण पद्धतीने, सगळ्या दुरुस्त्या करून, तोच पॅटर्न परत मिळतो का ते पाहा. त्यात उरलेला फरक हीच तुमच्या पद्धतीची चूक.

वेळेचा हिशोब सोपा वाटतो आणि तिथेच घोटाळे होतात. ड्रोनचा लॉग अनेकदा जीपीएस वेळेत असतो आणि रिसीव्हर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). २०१७ पासून या दोन्हींत १८ सेकंदांचं अंतर आहे. पाच मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्यात ९० मीटर पुढे गेलेला असतो, त्यामुळे ही चूक तरी लगेच दिसते. अर्ध्या सेकंदाची चूक दिसत नाही. लॉग लिहिणारा प्रोसेसर उशीर करतो, रिसीव्हर सरासरीच्या सुरुवातीचा वेळ लिहितो की मधला हे कोणी नोंदवलेलं नसतं. अर्धा सेकंद म्हणजे अडीच मीटर, म्हणजे जवळपास दीड अंश. बीम तेवढा सरकलेला दिसतो आणि मग गट जाळीचा उतार किंवा अँटेनाचा कल शोधत बसतो. ओळखायची पद्धत अशी: तीच रेघ पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि लगेच पश्चिमेकडून पूर्वेकडे उडवा. अँटेना खरोखरच कललेली असेल, तर दोन्ही वेळा माथा एकाच बाजूला सरकेल. वेळेची चूक असेल, तर दोन माथे विरुद्ध दिशांना सरकतील आणि त्यांच्यातलं अंतर वेगाच्या दुपटीने भागलं की उशीर थेट सेकंदांत मिळेल. हे प्रत्येक मोहिमेच्या पहिल्या बॅटरीवर करा.

मार्ग कसा आखायचा? पहिल्या टप्प्यात स्थिर उंचीवरचे दोन सरळ काप पुरेत, एक ई-प्रतलात (डायपोलला समांतर) आणि एक एच-प्रतलात (त्याला काटकोनात), दोन्ही ध्रुवणांत. स्थिर उंचीवर शिरोबिंदूपासून ६० अंशांवर अंतर दुप्पट होतं आणि सहा डेसिबल जातात, ते हिशोबात धरा. क्षितिजाजवळ जाण्याचा मोह टाळा: १०० मीटर उंचीवरून ८० अंश गाठायचे तर ड्रोन साडेपाचशे मीटरहून दूर न्यावा लागतो, नजरेआड होतो, आणि जमिनीवरून परावर्तित होऊन येणारी लहर मोजमाप गढूळ करते. पूर्ण अर्धगोल हवा असेल तर आकाश समान क्षेत्रफळाच्या तुकड्यांत वाटून प्रत्येकातून जाणारा मार्ग आखतात, एकोच्या गटाने तसं केलं. पण त्यासाठी अनेक बॅटऱ्या लागतात, कारण एका बॅटरीत वीस मिनिटंही धड मिळत नाहीत. प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला आणि शेवटी ड्रोन डोक्यावर आणून थोडा थांबवा, म्हणजे वेगवेगळी उड्डाणं एका पातळीवर आणता येतात.

ड्रोन स्वतः गोंगाट करतो, हे रेडिओ खगोलशास्त्रात दुर्लक्षित करता येत नाही. स्पीड कंट्रोलर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, कॅमेऱ्याची इलेक्ट्रॉनिक्स, हे सगळं तुमच्याच पट्ट्यात पसरतं. कॅमेरा आणि व्हिडिओ लिंक काढून टाका. नियंत्रणाची लिंक सुरक्षिततेसाठी चालूच ठेवावी लागते, ती २.४ गिगाहर्ट्झला असते आणि फिल्टर चांगला असेल तर त्रास देत नाही. ट्रान्समीटर बंद ठेवून तोच मार्ग एकदा उडवा. त्यात जे दिसेल ते ड्रोनचं. ट्रान्समीटरही सेकंदात काही वेळा चालू-बंद होणारा ठेवलात, तर बंद क्षणांची वजाबाकी करून आकाश आणि बाहेरचा गोंगाट काढता येतो. उड्डाणाची आणि प्रसारणाची परवानगी वेगवेगळ्या खात्यांकडून घ्यावी लागते आणि जवळ दुसरी दुर्बीण असेल तर तिच्या वेळापत्रकाशी जुळवावं लागतं, त्याला बराच आधी हात घाला. उड्डाण पहाटे करा, वारा कमी असतो. ड्रोनचं उडणं-उतरणं अ‍ॅरेपासून दूर ठेवा, आणि आपोआप परतण्याचा मार्ग अँटेनांवरून जात नाही ना हे प्रत्येक वेळी तपासा.

अचूकतेबद्दल माझा अंदाज विचाराल, तर वरच्या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर मुख्य बीममध्ये अर्ध्या डेसिबलपर्यंत आणि साइडलोबमध्ये एक-दोन डेसिबलपर्यंत सिम्युलेशनशी तुलना अर्थपूर्ण धरावी. यापेक्षा चांगलं करता येतं, पण त्यासाठी प्रसारक अँटेना आधी अ‍ॅनेकोइक चेंबरमध्ये (भिंतींवरून लहरी परावर्तित न होणाऱ्या खोलीत) ड्रोनसकट मोजावी लागते. ही धडपड कशासाठी, असं वाटू शकतं. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या काळातला हायड्रोजनचा २१ सेंटीमीटरचा सिग्नल आज तुमच्याच पट्ट्यात पोहोचतो, रेडशिफ्ट आठचा (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी नऊपट ताणलेला) तर १५८ मेगाहर्ट्झला. त्याच्या पुढ्यात आपल्या आकाशगंगेचं आणि इतर स्रोतांचं उत्सर्जन दहा हजार ते लाख पट तेजस्वी असतं. साइडलोबमधून आत येणारा त्याचा एक टक्काही चुकीचा धरला गेला, तर सिग्नल त्याखाली पूर्ण गाडला जातो. बीमची वारंवारतेनुसार बदलणारी छोटी लाट त्या सिग्नलसारखीच दिसू शकते. त्यामुळे एकाच वारंवारतेचा सुंदर नकाशा काढण्यापेक्षा पट्ट्यात पसरलेल्या पाच-सहा वारंवारतांवर साधे काप घेतलेत तर मी ते जास्त मोलाचं मानेन.

पहिल्याच दिवशी मात्र बीमचा विचार बाजूला ठेवा. ड्रोन डोक्यावर थांबवून एकेका ध्रुवणात मिनिटभर नोंद घ्या आणि ३२ चॅनेलची ताकद व फेज एका तक्त्यात मांडा. एक्स आणि वाय अदलाबदल झालेली केबल, १८० अंश उलटी बसलेली अँटेना, अर्धमेला एलएनए, दोन अँटेनांच्या क्रमांकांची गल्लत, हे सगळं त्या तक्त्यात उघड होतं. नव्या अ‍ॅरेत यातलं काहीच निघालं नाही असं मी क्वचित पाहिलं आहे. हे दुरुस्त न करता केलेलं बीमचं मोजमाप पुन्हा करावं लागतं.

मोजमाप कितीदा करावं, हेही तुम्ही विचारलं होतं. एलएनए बदलले, जाळी हलली किंवा शेजारी काही नवीन धातूचं उभं राहिलं, तर लगेच. नाहीतर एकदा जमीन कोरडी असताना आणि एकदा पाऊस मुरल्यावर, कारण जाळीच्या कडेपलीकडची ओली माती कमी कोनांवरचा पॅटर्न बदलते. दोन्ही वेळा तोच मार्ग, तीच उंची आणि तोच डायपोल ठेवा, आणि बीमच्या आलेखांसोबत कच्चे व्होल्टेज आणि ड्रोनचे मूळ लॉगही जपून ठेवा, म्हणजे पुढे प्रसारक अँटेनाचं अधिक चांगलं मॉडेल हाती आलं की जुन्या उड्डाणांवरही ते लावता येईल.